वरच्या खणातला निळा ठिपका

कलकत्ता
२० जानेवारी १९७४

ती. अक्कास केरूचा सप्रेम जयभीम.

पोचलो. पोचून पंधरवडा झाला, पत्र आज लिहितोय. तू म्हणत असशील, पळाला वाटतं तिथूनही. पळालो नाही. इगतपुरीच्या कॅन्टीनमधून पळालो, नाशिकरोडच्या सायकलच्या दुकानातून पळालो, ते खरं. पण इथून पळायचं तर कुठे, पलीकडे समुद्र आहे म्हणतात.

कार्डांची पेटी नाशिकरोडपासून मांडीवर धरून आणली. डब्यातले लोक विचारत होते, "भाऊ, द्राक्षं का?" मी म्हटलं, "हो, पण आंबट आहेत." सगळी शाबूत पोचली. तुमच्या शेडच्या रंगनाथ साहेबांना सांग.

अक्का, तू तिकडे शेडमध्ये मान मोडून ही कार्डं बनवतेस, पण ती जातात कुठे ते तू बघितलेलं नाहीस. म्हणून सांगतो. ज्यूट कंपनीची जुनी कचेरी आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर गार खोली. चपला बाहेर काढाव्या लागतात. आत कपाटं, आपल्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा उंच. विलायतेचं हिशेबाचं मशीन, कॉम्प्युटर म्हणतात. तिकडून सुटे भाग येणं बंद झालं, म्हणून आपली कंपनी त्याच मापाची कार्डं बनवते, एवढं तुला माहीतच आहे. कपाट उघडलं की आडवे खण दिसतात आणि खणात कार्डं उभी खोचलेली असतात, ताटाळ्यात ताटं लावतात तशी. हजारभर असतील. मागच्या खाचेत नीट दाबलं की कार्ड बसतं, ओढलं की निघतं. इथले इंजिनिअर घोषबाबू मला म्हणाले, एक कार्ड फक्त एवढंच ध्यानात ठेवतं, हो की नाही. मी म्हटलं, बस? माझ्या अक्कानं डोळे फोडून एवढंच केलं? ते हसले. म्हणाले, हजार 'हो-नाही' एकत्र बसले की सगळ्या गिरण्यांचा हिशेब होतो.

माझं काम म्हणजे रविवारी मशीन बंद असतं तेव्हा एकेक कार्ड उपसायचं, खालच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं पुसायच्या आणि परत खोचायचं. चौथीपर्यंत शाळेत खोडरबर मिळाला नाही, तो इथं मिळाला.

आता खरी गोष्ट. कार्डांच्या कोपऱ्यावर रंगाचे ठिपके असतात. बनवणारीची खूण. पिवळा, हिरवा, लाल आणि निळा. निळा तुझा. तुझी कार्डं सगळीकडे विखुरलेली होती, एक इथं, एक तळाला धुळीत. मला बरं वाटलं नाही. एका जातीची कार्डं कुठंही बसतात, फरक पडत नाही, असं घोषबाबूच म्हणाले. तेव्हा पुसता पुसता मी तुझी सगळी उचलली आणि पहिल्या कपाटाच्या अगदी वरच्या खणात लावली. त्या कपाटाला काचेचं दार आहे. मी स्टुलावर बसलो की समोर निळे ठिपके. सकाळी आलो की आधी तिकडे बघतो. घरच्या भिंतीवर फोटो असतात ना, तसं.

इथे भात खाऊन कंटाळलो. भाकरीचं पीठ पाठवता येत नाही का पेटीतून?

तुझा,
केरू


सातपूर
९ फेब्रुवारी १९७४

चि. केरूस अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये मोठ्यानं वाचलं. वरच्या खणाचं ऐकून सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. पिवळ्या ठिपक्याची झुंबरबाई म्हणाली, "आमचा भाऊ नाही ना तिथं, आमची कार्डं धुळीतच बसणार." मी वरवर रागावले. पण आत बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाकरीचं पीठ काही पाठवत नाही. भात खा आणि गप बस.

इथलं ठीक आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नवी मुलगी आली आहे, भागीबाई. वयानं तुझ्याएवढीच, पदरात दोन वर्षांचं पोर, नवरा गेला. तिला अजून रंग दिलेला नाही, ती नुसत्या तारा कापते. मला म्हणते, "अक्का, तुमचा जोड कसा गोल येतो, पाण्याच्या थेंबासारखा. माझा टोकदारच येतो." मी म्हटलं, सोल्डरचं तापलेलं आयर्न उचलायची घाई करतेस म्हणून. वितळलेलं सोल्डर आपणहून बसू द्यायचं, मग हात काढायचा.

केरू, एक ध्यानात ठेव. जे कार्ड तिकडून बिघडून परत येतं, ते रंगनाथ साहेब कुणाला एकटीला देत नाहीत. सकाळी बाया बसायच्या आधी ते जिचं असेल तिच्या टेबलावर ठेवलेलं असतं. डब्याची पिशवी ठेवायला जावं तर तिथं आपलंच कार्ड. मग सगळ्यांदेखत उघडायचं. लाल ठिपक्याच्या बाईच्या टेबलावर अशी चार-पाच आली, मग तिला पॅकिंगला पाठवलं, मग पॅकिंगलाही नको झाली. माझ्या टेबलावर अजून एकही आलेलं नाही. तुझे दाजी गेल्यानंतर ही एकच जागा अशी आहे जिथं मला कुणी बिचारी म्हणत नाही. आणि तुझी नोकरी माझ्या शब्दावर लागली आहे. तेव्हा पळू नकोस.

तुझी,
चांगुणा अक्का


कलकत्ता
२२ एप्रिल १९७४

ती. अक्कास जयभीम.

उकाड्यानं जीव चाललाय. त्यात इथं लोडशेडिंग. रोज लाईट जाते, कधी कधी दिवसातून तीनदा. लाईट गेली की गार खोली भट्टी होते आणि मशीन सगळं विसरतं. हो पण विसरलं, नाही पण विसरलं. लाईट आली की पहिल्यापासून. घोषबाबू कपाळाला हात लावून बसतात आणि मला चहा आणायला पाठवतात.

आता जे लिहितो ते मनाला लावून घेऊ नकोस. ह्या महिन्यात दोन कार्डं जळाली, दोन्ही निळी. घोषबाबू बिघडलेल्या खाचेत दुसरं कार्ड घालतात, मशीन चालायला लागतं, म्हणजे काढलेलं मेलेलं. मग ते परत पाठवायच्या पेटीत टाकतात. मी म्हटलं, "बाबू, हे माझ्या बहिणीचं." ते म्हणाले, "बहिणीला सांग चष्मा लाव."

मला राग आला.

परवा लाईट आली आणि मशीन पुन्हा अडलं. घोषबाबू खाली गेले होते. मी वरच्या खणातलं एक निळं ओढून काढलं आणि तिथं नव्या पेटीतलं दुसरं निळं खोचलं. ते निळं तपासलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. शर्टाच्या आत घातलं आणि खोलीवर आणून माझ्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. तेवढं एक तरी तुझ्या टेबलावर जायला नको. बाकीची दोन मात्र पुढच्या पेटीतून येतील. मी काही करू शकलो नाही.

तुला दिसतं ना नीट? खरं सांग. तू रात्री चिमणीपाशी गोधड्या शिवायचीस, त्यानं झालं असेल का काही?

तुझा,
केरू


सातपूर
१० जून १९७४

चि. केरूस आशीर्वाद.

रेल्वेचा संप होता म्हणून तुझं पत्रही उशिरा मिळालं आणि पेटीही. पेटी आली, तिच्यात दोन नव्हती, पाच होती. तू पत्र टाकल्यावर आणखी जळाली असतील.

सोमवारी सकाळी पाचही माझ्या टेबलावर ओळीनं लावून ठेवली होती. मी डब्याची पिशवी खाली जमिनीवर ठेवली.

उघडून बघितली. प्रत्येक जोड बघितला. रंगनाथ साहेबांनी त्यांचं भिंग दिलं, भिंगातून बघितला. जोड सगळे गोल होते, चकचकीत होते. आतला ट्रान्झिस्टर गेलेला. साहेब म्हणाले, "बाई, आयर्न जास्त वेळ टेकवला की ट्रान्झिस्टर आतून भाजतो, नंतर कधीतरी मरतो. वरून कळत नाही." ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी आयर्न टेकवते आणि मला कळतच नाही, जास्त वेळ टेकवला का. आधी कधी मोजत नव्हते, हात आपोआप निघायचा. आता हात विचारतो, काढू का? झुंबरबाईनं तिची खुर्ची जरा बाजूला घेतली आहे.

सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी सगळी वाचली. म्हणाले, बाई, डोळे चांगले आहेत. पण त्यांच्या दारात शंभर माणसं उभी होती, त्यांनी माझ्याकडे किती बघितलं असेल?

मला चांगलं दिसतं. पण ज्याला कमी दिसतं त्यालाही वाटतच असेल ना, की आपल्याला चांगलं दिसतं?

म्हणून तुला विचारते. तू तिथं मशीनसमोर बसतोस. माझी कार्डं आणि दुसऱ्यांची, दोन्ही तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. माझं मन राखू नकोस. खरं काय ते लिही. तू लिहिशील ते मी मानीन.

तुझी,
अक्का


कलकत्ता
२४ जून १९७४

ती. अक्कास जयभीम.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, खोटंच लिहावं. मग वाटलं, तुझ्याशी खोटं बोललो तर तुझ्यामाझ्यात उरलं काय. लहानपणी मी फी हरवली तेव्हा तू मारलं नव्हतंस, खरं बोललो म्हणून.

खरं हे आहे. तुझीच जातात. पिवळी जात नाहीत, हिरवी जात नाहीत. तीच पेटी, तेच मशीन, तीच लाईट. हिरवी तर तळाच्या खणात, जिथं धूळ असते तिथं आहेत, तरी जात नाहीत. तुझी मी सगळ्यात चांगल्या जागी ठेवली आहेत, रविवारी सगळ्यात आधी पुसतो, तरी जातात. मग दुसरं काय असणार, तूच सांग. डोळ्यांचंच असेल. नाहीतर हाताचं. सतरा वर्षांची असल्यापासून राबतेस, झिजणार नाही का माणूस?

सिव्हिलच्या डॉक्टरचं सोड. चांगला डॉक्टर बघ.

आणि अक्का, एक सांगतो, धाकटा असून. त्या लाल ठिपक्याच्या बाईसारखं होऊ देऊ नकोस. त्यांनी उठवायच्या आधी आपणच साहेबांना जाऊन सांगावं, माझे डोळे जड झालेत, दुसरं काम द्या. मानानं उठावं. रंगनाथ साहेब माणूस चांगला आहे, तुला कुठंतरी बसवील.

रागावू नकोस. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

तुझा,
केरू


सातपूर
२८ ऑक्टोबर १९७४

चि. केरूस आशीर्वाद. जयभीम.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर द्यायला उशीर झाला. अक्षर वेगळं दिसेल. डोळ्यांना आराम म्हणून मी सांगते आणि भागी लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

धम्मचक्र दिनाला विहारात खूप गर्दी होती. तुझी आठवण काढली.

माझी काळजी करू नकोस. काम चालू आहे. दिवसभर बसून कंबर धरते एवढंच. निळ्या ठिपक्याचं काम थांबलेलं नाही, ते तुला तिकडे दिसतच असेल. तुझं पत्र मिळालं तेव्हाच साहेबांशी बोलले. तू म्हणालास तसं.

तू लिहिलंस की आसामात तेलाच्या विहिरीवर माणसं घेतायत आणि तुझ्या पायाला खाज सुटली आहे. आत्ता जाऊ नकोस. घरात एकाचं तरी काम एका जागी टिकू दे.

तब्येत जप. दही खात जा.

तुझी,
चांगुणा


कलकत्ता
५ जानेवारी १९७५

ती. अक्कास जयभीम.

आज इथं येऊन वर्ष झालं. एका जागी वर्ष, कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आसामला गेलो नाही. खरं सांगू, जायला निघालो होतो. बिस्तरा बांधला होता. त्याच दिवशी सातपूरची पेटी आली. उघडली तर वरच निळे ठिपके. म्हटलं, अक्का बसली आहे अजून, तर आपण कुठं चाललो? बिस्तरा सोडला.

साहेबांनी तुला उठवलं नाही हे बघून जीवात जीव आला.

पण अक्का, तुझे जोड बदललेत. पूर्वी थेंबासारखे गोल असायचे. आता टोकदार येतात, काट्यासारखे. मी काही बोललो नाही कुणाला, पण मला ओळखू येतं. दिसत नसताना तू ओढून काढतेस का काम? चष्मा केलास का? तू पत्रात काहीच लिहीत नाहीस. भागीच्या अक्षरात तुझं बोलणं वाचलं की कुणी पाहुणीच बोलल्यासारखं वाटतं.

आणि ही पण जातात. सांगायला नको, पण जातात. डिसेंबरात तीन गेली. मी तरी ती वरच्या खणातच लावतो. जायची तर माझ्या डोळ्यांसमोर जाऊ देत.

घोषबाबू आता निळं बघितलं की नुसते माझ्याकडे बघतात. परवा म्हणाले, "तोमार दीदी?" मी मान हलवली. त्यांनी कार्ड पेटीत टाकायच्या ऐवजी हळूच ठेवलं.

पत्र स्वतःच्या हातानं लिही. वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

तुझा,
केरू


कलकत्ता
११ एप्रिल १९७५

अक्का! अक्का! जयभीम!

आधी हे वाच, मग बाकीचं. तुझे डोळे चांगले आहेत. तुझा हात चांगला आहे. तुझं एकही कार्ड खराब नव्हतं. एकही नाही.

सगळं लिहितो. मार्च संपता संपता निळी कार्डं शिल्लक राहिली नाहीत, सगळी जळून पेटीत गेली. वरचा खण रिकामा. घोषबाबू म्हणाले, पिवळी लाव. लावली. आठ दिवसांत दोन पिवळी मेली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. झुंबरबाईची कार्डं, जी वर्षभर कधी मेली नव्हती, ती वरच्या खणात गेली आणि मेली.

घोषबाबू म्हणाले, थांब. त्यांनी मीटर आणला आणि स्टुलावर चढले. प्रत्येक खणाच्या मागे पावरचा वेगळा डबा असतो, त्या खणातल्या कार्डांना वीज देणारा. त्यांनी मीटरच्या तारा वरच्या डब्याला लावल्या आणि आम्ही लोडशेडिंगची वाट बघत बसलो. एरवी लाईट गेली की शिव्या देतो, त्या दिवशी जायची वाट बघत होतो. गेली. मग तासाभरानं आली. आली तसा मीटरचा काटा एकदम पार उजवीकडे गेला आणि मग परत जागेवर आला. बाकीच्या खणांना लावून बघितलं, तिथं काटा सरळ. लाईट आली की तो वरचा डबा कार्डांना झटका द्यायचा. रोज. दिवसातून तीनदा. कार्ड थोडे दिवस सोसायचं आणि मरायचं. कार्ड खराब नव्हतं, जागा खराब होती.

डबा आता बदलला. तिथं लावलेली कार्डं चालतायत.

घोषबाबूंनी मला एक विचारलं. "ये सब नीला एक जगह किसने लगाया था?" मी म्हटलं, मी. त्यांनी सिगारेट पेटवली. मग म्हणाले, जा, चाय ले आ.

अक्का, हे पत्र घेऊन सरळ रंगनाथ साहेबांकडे जा. टेबलावर ठेव, सगळ्यांदेखत. झुंबरबाईला खुर्ची परत सरकवायला सांग.

तुझा,
केरू


देवळा
४ मे १९७५

चि. केरूस अनेक आशीर्वाद. जयभीम.

हे माझं स्वतःचं अक्षर आहे. तुझं पत्र सातपूरला गेलं, भागीनं ते इकडे पाठवलं. वरचं गाव बघून तुला कळलंच असेल. मी गेल्या ऑगस्टपासून इथं यशोदाबाई मावशीकडे आहे.

तुझं जूनचं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, माझे डोळे जड झालेत. साहेब म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत बसा, मग बघू." मी म्हटलं, नको. तू लिहिलं होतंस, मानानं उठावं. मी आयर्न स्टँडवर ठेवला आणि उठले. पॅकिंगला जागा नव्हती. निळ्या रंगाची बाटली अर्धी भरलेली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून साहेबांनी भागीला दिली. तेव्हापासून निळा ठिपका तिचा. तू जे टोकदार जोड बघितलेस ते तिचे.

तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच नोकरी टाकून आला असतास. ऑक्टोबरात विहाराला आले होते तेव्हा भागीला म्हटलं, असं लिही की खोटंही होणार नाही आणि त्याला कळणारही नाही. ती लिहिताना रडत होती. खरं तर तिला वाटत होतं, आपण अक्काची जागा खाल्ली.

इथं मावशीच्या कांद्याच्या खळ्यावर जाते. चांगला, मध्यम आणि टाकाऊ बोगडी असा निवडायचा. त्याला डोळे लागत नाहीत, हाताला कळतं. मावशीला मी तेच सांगितलं होतं, मला डोळ्यांचं काम देऊ नको. शिवण बंद केलं. तांदूळ निवडणं बंद केलं. वंदनेचं पुस्तक वाचायचे तेही बंद केलं. विहिरीवर कुणी लांबून येताना दिसलं तरी मी नाव घेत नाही. चुकलं तर? मावशी म्हणायची, "तुले चांगलं दिसस वं, काय सोंग लावं शे?" मी म्हणायचे, तुला माहीत नाही, माझ्या भावानं समोर बसून बघितलंय.

तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी मी मावशीच्या डब्यातून सुई काढली. दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. मग ओढून काढला आणि पुन्हा ओवला. पुन्हा गेला. मावशी म्हणाली, काय शिवतेस? म्हटलं, काही नाही.

तुझं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायचं राहिलं. आता ते तू कर, पण माझ्यासाठी नाही. भागीच्या टेबलावर नऊ कार्डं आली आहेत. तिला ह्या महिन्यात उठवणार. घोषबाबूंकडून त्यांच्या सहीनं लिहून घे, की दोष डब्याचा होता, आणि साहेबांना पाठव. आजच पाठव. तिला तरी वाटायला नको की तिचा हात वाईट आहे.

मी परत जाणार नाही. गेले तर ती उठेल. आणि तसंही भागी लिहिते की कार्डांचं काम दिवाळीपर्यंतच आहे, तुमच्या त्या कचेरीत नवं मशीन येतंय, त्याला आपली कार्डं लागत नाहीत.

ती कार्डं वरच्या खणात का होती ते मला ठाऊक आहे. तू हौसेनं लिहिलं होतंस आणि मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, केरू. त्याबद्दल तू पुन्हा काही लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

मावशी रोज विचारते, "तुना भाऊ कवय येई?" मी म्हणते, कामात आहे, कधी येईल सांगता येत नाही.

तुझी,
अक्का


कलकत्ता
२० जून १९७५

ती. अक्कास जयभीम.

घोषबाबूंचं पत्र त्याच दिवशी रजिस्टर करून पाठवलं. काल भागीचं पोस्टकार्ड आलं. तिला उठवलं नाही. साहेबांनी नऊच्या नऊ कार्डं तिच्या टेबलावरून स्वतःच्या हातानं उचलली म्हणे, सगळ्यांदेखत. तुझ्या टेबलावरून कुणी उचलली ते तिनं लिहिलं नाही. मीही विचारणार नाही.

मशीन गेलं, दिवाळीची वाटही बघितली नाही. भंगारवाला आला होता, चार हमाल घेऊन. कपाटं उचलली जाईनात, म्हणून त्यांनी आधी कार्डं उपसून पोत्यात भरली. पोतं आपटायचे तेव्हा काचेच्या बांगड्या फुटल्यासारखा आवाज यायचा. पट्ट्यांवरचं सोनं काढून घेणार म्हणे. घोषबाबू बाहेर जाऊन उभे राहिले. मी आतच थांबलो. म्हटलं, बघू दे.

तू म्हणालीस लिहू नकोस, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. दुसरंच एक लिहितो.

माझ्या पेटीत ते एक कार्ड होतं. गेल्या वर्षी एप्रिलात लपवलेलं, तुझ्या टेबलावर जायला नको म्हणून. मी विसरूनच गेलो होतो. मशीन उपसायच्या आदल्या दिवशी कपडे काढताना हाताला लागलं. तुझा ठिपका, तुझे गोल जोड. का कोण जाणे, कचेरीत घेऊन गेलो. घोषबाबूंना म्हटलं, एकदा लावून बघा. ते म्हणाले, आता काय उपयोग? मग माझ्याकडे बघितलं आणि घेतलं. मधल्या खणात खोचलं, मशीन चालू केलं.

चाललं, अक्का.

ते मेलेलंच नव्हतं. मी घाबरून उपसलं होतं, तपासलंही नव्हतं. तुझी बाकीची सगळी त्या खणात जळत होती, तू आयर्न खाली ठेवलास, खळ्यावर गेलीस, सुई टाकून दिलीस, तेव्हा सारा वेळ ते माझ्या पेटीत, माझ्या शर्टांखाली, चांगलं होतं. मी रोज त्या पेटीवर बसून जेवत होतो.

घोषबाबूंनी ते काढून माझ्या हातात दिलं. गरम होतं.

आठ दिवसांनी निघतो, म्हणजे हे पत्र माझ्याआधी पोचेल. कंपनीनं हिशेब केला आहे, तेव्हा ह्याला पळणं म्हणता येणार नाही. कार्ड शर्टाच्या आत ठेवीन, गेल्या वेळेसारखं. मनमाडला उतरून एस.टी. धरीन. त्यानंतरच्या सोमवारी किंवा मंगळवारी, संध्याकाळपर्यंत देवळ्यात असेन.

एक मागतो. मावशीचं खळं रस्त्यापासून लांब आहे ते मला आठवतंय, मधे दोन शेतं आहेत. मी फाट्यावर उतरीन आणि तिथंच उभा राहीन. हाक मारणार नाही, हातही करणार नाही. तू मान वर करून बघ आणि कोण आहे ते मावशीला सांग.

तुझा,
केरू